बोरआळीचं गोडं पाणी

हिल्डाला आळीतली माणसं 'सरकार' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आळीच ती, पाठीमागचं तोंडासमोर यायला वेळ कितीसा लागतो? तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

वसईत निर्मळच्या अलीकडे, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमध्ये बोरआळी. तीसेक उंबरे, सगळी ख्रिस्ती बागायतदार कुटुंबं. त्यातल्या सॅन्टनची ही थोरली लेक. आई लहानपणीच गेली, भाऊ फ्रेडरिक आखातात गेला तो तिकडचाच झाला. घरात बाप, बापाची विधवा बहीण रेजिनाआत्या आणि हिल्डा. स्थळं आली नाहीत असं नाही, पण नवऱ्यामुलाकडची माणसं वय लपवतात, पगार फुगवून सांगतात, आणि हिला खोट्याचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. दोन-तीन स्थळं तिनं भर बैठकीत उघडी पाडली. मग कोण येणार?

मॅट्रिक झाल्यावर, एकाहत्तर साली, ती फोर्टातल्या एका सरकारी नियोजन कचेरीत लागली. जाड कार्डांना भोकं पाडून आकडे यंत्राला भरवायचे, हे तिचं काम. भोक जिथं सांगितलंय तिथंच पडायचं. एकदा चुलतभाऊ युजीन गळ घालायला आला होता. कुठल्याशा पाहणीत त्याच्या जमिनीपुढचा एक आकडा तेवढा बदलायचा होता, एक भोक इकडचं तिकडं. हिल्डानं त्याला चहा पाजला, वाटेला लावला आणि पुढं दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही. तेव्हापासून ती सरकार.

ऐंशीच्या सुमाराला स्टेशनाच्या पूर्वेला, तुळिंजकडे इमारतींचं पेव फुटलं. इमारती उभ्या राहिल्या, नळ बसले, नळाला पाणी मात्र नाही. मग टँकरवाले पश्चिमेच्या वाड्यांतून विहिरी हुंगत फिरू लागले. शेजारच्या दोन गावांनी पैसा बघून विहिरी दिल्या आणि तीन उन्हाळ्यांत त्यांच्या पानवेली जळाल्या. समुद्र इथून हाकेवर. गोडं पाणी उपसलं की खालून खारं वर चढतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण पैशापुढं डोळे झाकले तर कळून उपयोग काय?

बोरआळीनं ठरवलं, पाणी विकायचं नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर आळीतल्या क्रुसापाशी सगळे जमले आणि एकमुखानं ठरलं. आता ठरवणं सोपं, टँकरवाल्या शेठला नाही म्हणणं कठीण. नाही म्हणणाऱ्याच्या केळी दुसऱ्या दिवशी छाटलेल्या सापडत. तेव्हा तोड काढली ती रेजिनाआत्यानं. खाजणाच्या कडेला एक जुनी टाकून दिलेली विहीर होती. तिचं पाणी इतकं खारं, की जिभेला लावलं तरी तोंड वाकडं व्हावं. घरोघरच्या बायकांनी त्या पाण्याची एकेक कळशी भरून ओटीवर ठेवली. अनोळखी माणूस आला, पाण्याची चौकशी करू लागला, की त्याच कळशीतला तांब्या पुढं. वर तोंड पाडून सांगायचं, आमचा पानी असाच बाबा, नशीब आमचा. शेठची माणसं चूळ भरून थुंकली आणि गाड्या वळवून गेली. सुंठीवाचून खोकला गेला. आळी कितीतरी दिवस हसत होती. हिल्डा हसली नाही, पण बोललीही नाही. टँकरवाल्यांशी खोटं बोलणं तिनं पापात धरलं नसावं.

तिकडे कचेरीत मोठी उलथापालथ झाली. कार्डं गेली, नवा कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंडगार खोली, आत जाताना चपला बाहेर काढायच्या. सामंतसाहेब नावाचे एक अधिकारी त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचे. माणूस हुशार, सरळ, लाचेच्या वाऱ्याला उभा न राहणारा. त्यांनी वसईच्या पट्ट्यासाठी एक प्रोग्रॅम केला. प्रत्येक आळी-पाड्याचं पाणी, माती, पीक, रस्ता, सगळं आकड्यांत मोजायचं. यंत्र त्याला गुण देणार. गुण चांगले आले तर ती जमीन शेतीसाठी राखून ठेवायची, कमी आले तर घरबांधणीला मोकळी करायची.

हिल्डाला हे साक्षात न्यायदानासारखं वाटलं. एवढी वर्षं तिनं काय काय पाहिलं होतं! नकाशावरची हिरवी रेघ साहेबांच्या जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा इंच सरकलेली पाहिली होती. बिल्डरांची माणसं मिठाईचे पुडे घेऊन बाकावर बसलेली पाहिली होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा तो कारभार. आता यंत्र ठरवणार. यंत्राला ना मेव्हणा, ना भूक. रोज जेवताना ती हे बापाला ऐकवायची. सॅन्टन मासळीचे काटे काढत एवढंच विचारायचा, की यंत्राला भूक नसेल, पण यंत्राला भरवतो त्याला असते ना? यावर हिल्डा चिडायची. भरवणारी तर ती स्वतःच होती.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात पाहणीच्या जीपगाड्या निघाल्या. कोणत्या दिवशी कुठं जाणार हे कचेरीतल्या लोकांनी बाहेर फोडायचं नाही, असा सक्त हुकूम होता. बोरआळीचा दिवस हिल्डाला आधीच माहीत होता. त्या सकाळी ती डबा घेऊन निघाली तेव्हा आत्या अंगण झाडत होती. हिल्डा फाटकापाशी क्षणभर थांबलीही. पण सांगायचं काय? आपलं पाणी गोडं, आपली माती सोन्यासारखी, आपलं नाणं खणखणीत. नियम मोडून काय मिळवायचं? ती गेली.

आणि इकडे जीप आली. दोन तरुण पोरं, हातात बाटल्यांची पेटी. ऊन असं, की जीव नको व्हावा. विहीर वाडीच्या पार टोकाला. आत्या म्हणाली, बसा बाबांनो सावलीत, पानी मीच आनते. पोरांना तेच हवं होतं. आत्यानं कळशी आणली. डोक्यावर केळीचे घड लोंबत होते, समोर पानवेली हिरव्यागार, आणि त्यांच्याखाली बसून हे दोघे दिवटे खारं पाणी बाटलीत भरत होते. खाऱ्या पाण्यावर केळी होते का, असा प्रश्न त्यांच्या टाळक्यात शिरला नाही. शिरेल कसा? केळी बघणं हे दुसऱ्या पथकाचं काम. पुढच्या घरी गेले, तिथंही कळशी. त्याच्या पुढंही. सरकारी कपड्यांतले टँकरवालेच आलेत, अशी आळीची पक्की समजूत.

महिन्याभरानं हिल्डानं स्वतःच्या हातानं ते आकडे भरले. त्यांवर गावांची नावं नव्हती, नुसते क्रमांक. यंत्रातून लांबलचक कागद घडी उलगडत बाहेर आला तेव्हा मात्र नावं होती. बोरआळीपुढं छापलं होतं: पाणी खारं, बागायतीस अयोग्य, घरबांधणीस मोकळी करण्यास हरकत नाही.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिथंच खुर्चीत बसून ती मनातल्या मनात आत्याला नको नको ते बोलली.

घरी आल्यावर तिनं फक्त विचारलं, मे महिन्यात जीप आली होती काय? आत्या खुशीत आली. कसं फसवलं, तो चष्मेवाला कसा एक घोट पिऊन ठसकला, सगळं हातवारे करून सांगितलं. हिल्डानं पिशवी जमिनीवर आदळली. सॅन्टन बाहेरून आत आला आणि लेकीनं त्याला जे आहे ते सांगितलं, की आळीची जमीन आपणच आपल्या हातानं बिल्डरांच्या पानात वाढली आहे. त्या घरात त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. आणि ज्या गोष्टीनं हिल्डाचं काळीज कुरतडत होतं ती तिनं सांगितलीच नाही. फाटकापाशी एक शब्द बोलली असती तर हे टळलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सामंतसाहेबांपुढं उभी राहिली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, आधी हसले, मग गंभीर झाले. आकडा असा बदलता येणार नाही, म्हणाले. तुमच्या गावासाठी तुम्ही बदललात, तर उद्या दुसरा त्याच्या सासुरवाडीसाठी बदलेल. हे तिलाही पटलंच. मार्ग एकच होता. गावकऱ्यांनी लेखी हरकत द्यायची, आधीचं पाणी खरं नव्हतं असं कबूल करायचं, कुणाच्या विहिरीला किती गोडं पाणी आहे ते नावानिशी लिहायचं आणि सह्या करायच्या. मग विहिरीतूनच नमुने घेतले जातील.

आता धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. क्रुसापाशी पुन्हा बैठक बसली. फादरही येऊन बसले. कागद दिला नाही तर जमीन जाते. दिला तर एवढी वर्षं लपवलेलं पाणी जगजाहीर होतं. म्हातारा आल्बर्ट उठला. पाणी न विकण्याची शपथ क्रुसाखाली सगळ्यांना त्यानंच घातली होती.

"पानी गोडा हाय असा लिवला, की तो कागद टँकरवाल्याच्या घरात पोचलाच समज."

"तो कागद यंत्रात जातो, काका," हिल्डा म्हणाली. "माणसाच्या हातात नाही जात. मी आहे ना तिथं."

बराच वेळ वाद झाला. युजीन तर म्हणाला, की सरकारला खरं सांगून आजवर कुणाचं भलं झालंय ते एक उदाहरण दाखवा, मी सही करतो. हिल्डापाशी उदाहरण नव्हतं, तिच्यापाशी नुसता विश्वास होता. चौदा वर्षांच्या नोकरीत एक आकडा खोटा भरला नाही, एवढंच ती परत परत सांगत राहिली. आणि मग सॅन्टन उठला. "माझी पोर खोटा बोलत नाय," म्हणाला, आणि त्यानं पहिली सही केली. त्याच्यामागून एकेकानं केली. युजीननंही केली, अगदी शेवटी.

जीप परत आली. या वेळी विहिरीवर दोर सोडून पाणी काढलं, खोली मोजली, पाणी किती भरतं त्याचा हिशेब झाला. सॅन्टननं स्वतः त्या पोरांना विहिरीविहिरीवर फिरवलं, जाताना शहाळी दिली. हिल्डानं नवे आकडे भरले आणि यंत्रानं बोरआळीला असे गुण दिले, की सामंतसाहेबांनी स्वतः येऊन तिचं अभिनंदन केलं. शेतीसाठी राखावी, असं छापून आलं. त्या रविवारी मिस्सेनंतर बायकांनी तिला मधे घेतलं. आल्बर्टनं वाडीतला केळीचा पहिला घड घरी आणून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच आळीनं तिला 'सरकार' अशी तोंडावर हाक मारली आणि सगळे हसले. तीही हसली.

हे सुख पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकलं.

सामंतसाहेबांनी तिला खोलीत बोलावलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. वरून पत्र आलं होतं. तुळिंज, नायगाव, स्टेशनांच्या दोन्ही बाजूंना माणसं वाढताहेत, त्यांना प्यायला पाणी नाही, तेव्हा नवी वस्ती जिथं गोडं पाणी मुबलक आहे तिथंच वसवावी आणि तोवर तिथूनच टँकर भरावेत. माहिती गोळा करायची गरज नाही, आहे ती उत्तम आहे. प्रोग्रॅममध्ये तेवढा एक बदल करायचा. गोड्या पाण्याचे गुण आजवर शेतीच्या पारड्यात पडत होते, ते आता वस्तीच्या पारड्यात टाकायचे.

हिल्डाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाली, "साहेब, खारं होतं तेव्हा शेतीला नालायक म्हणून आम्ही जाणार होतो. आता गोडं आहे म्हणूनही आम्हीच जायचं?"

"प्रोग्रॅम बरोबर आहे, हिल्डा," साहेब म्हणाले. "प्रश्न बदललाय."

तिनं सांगून पाहिलं, की टँकर लागले की तीन वर्षांत ते पाणी खारं होईल, मग ना शेती राहील ना प्यायला पाणी. साहेब म्हणाले, होईल त्याचा आकडा आपल्याकडे नाही, आहे त्याचा आहे. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी कागदावर नवी ओळ लिहून दिली. उणे होतं तिथं अधिक, एवढंच. हिल्डा चपला काढून थंडगार खोलीत गेली आणि तिनं ती ओळ भरली. नाही म्हणाली असती तर शेजारच्या खुर्चीवरची प्रेमलता भरणार होती. पण भरली हिनं, आणि चोख भरली. एकही चूक झाली नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तालुक्याच्या कचेरीत यादी लागली. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी घेतलेल्या विहिरी, मालकाचं नाव आणि पाणी किती निघतं ते. आळीनं जसं लिहून दिलं होतं तस्संच. पहिलं नाव सॅन्टनचं. टँकरचा ठेका कुणाला मिळाला हे सांगायला पाहिजे का? तोच शेठ. आधी त्याच्या माणसांना निदान पाणी विचारावं तरी लागायचं. आता हुकूम दाखवून फाटक उघडायला लावू लागली, आणि त्यांच्याबरोबर पोलीसही असायचा.

आळीतलं कुणी तिला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ती क्रुसापाशी प्रार्थनेला आली की बायका सरकून जागा द्यायच्या, नको तेवढी जागा द्यायच्या. बोलणं चाललेलं असायचं ते थांबायचं. रेजिनाआत्या तिला वाढायची, पण ताट पुढं सरकवून आत निघून जायची. हिल्डानं नोकरी सोडायचा विचार केला नाही असं नाही. पण सोडून करायचं काय? बापाची पानवेल पिवळी पडायला लागली होती आणि घरात येणारा पैसा तेवढाच होता.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुन्हा पाहणी निघाली. उपसा सुरू झाल्यावर विहिरींचं काय झालं, ते बघायचं होतं. ज्या विहिरीचं पाणी खारट होऊ लागलं असेल तिचे टँकर बंद होणार होते. हिल्डाला हायसं वाटलं. ही शेवटची संधी. या वेळी तिनं नियम खुशाल मोडला. जीप कधी येणार ते आळीत घरोघरी जाऊन सांगितलं. या वेळी खरं सांगितलं तरच वाचू, म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली. आणि जीप आली त्या दिवशी बोरआळीच्या सगळ्या घरांना कुलपं. वाड्यांच्या फाटकांना काटेरी तारा. पथक मोकळ्या बाटल्या घेऊन परत गेलं.

ती धावत घरी आली. सॅन्टन मागच्या पायरीवर बसला होता. रोज पहाटे टँकर यायच्या आधी तो विहिरीतलं पाणी चाखायचा, काठी सोडून खोली मोजायचा, हे तिला माहीत होतं. तिनं त्याच्यापुढं बसून विचारलं, बाबा, पाणी किती खाली गेलंय? किती खारट झालंय? तुम्ही सांगा, मी लिहून घेते, सही करा, उद्या साहेबांपुढं ठेवते. टँकर बंद होतील.

म्हाताऱ्यानं लेकीकडं बघितलं. रागानं नाही.

"तुला नाय सांगनार," तो म्हणाला.

ती रडली, हात जोडले. तो उठून वाडीत गेला.

कचेरीत त्या पाहणीचे आकडे तिच्याकडेच आले. बोरआळीच्या क्षाराचा रकाना मोकळा होता. सामंतसाहेबांची बदली झाली होती, नवे साहेब घाईत होते. हिल्डानं त्यांना सांगितलं, की मोकळा रकाना यंत्र शून्य धरतं. क्षार शून्य म्हणजे पाणी उत्तम असं ते समजेल. साहेब म्हणाले, मग टाका ना काहीतरी, तुमचंच गाव आहे, तुम्हाला अंदाज असेलच.

अंदाज होताच. त्या सकाळी घरून निघताना प्यायलेल्या पाण्याची खारट चव अजून तिच्या जिभेवर होती. तिनं बोटं कळांवर ठेवली. सोळा वर्षांत कुणी न दिलेला आकडा तिनं कधी भरला नव्हता, आणि हा आकडा देणार कोण होतं? बापानं दिला नव्हता, आळीनं दिला नव्हता. प्रेमलता दोनदा चहाला बोलवून गेली. हिल्डा तशीच बसून राहिली. मग तिनं तो रकाना मोकळा ठेवला आणि पुढच्या गावाचा आकडा भरायला घेतला.

पुढच्या महिन्यात बोरआळीला आणखी टँकर मंजूर झाले.